सँडी कॉल्टार्टचं मिनिट

बर्नशॉ, लॅनार्कशर
३ ऑक्टोबर १९९४

चिटणीस, ड्रमलॉख एमराल्ड फुटबॉल क्लब यांस

सौ. मॅकगार्व्ही,

लीगचं वेळापत्रक तुमच्याही हाती पडलं असेल. शनिवार, १२ नोव्हेंबर, दुपारी दोन वाजता, बर्नशॉ थिसल विरुद्ध ड्रमलॉख एमराल्ड, आमच्या मैदानावर. ज्या गृहस्थांनी ते आखलं त्यांनी कॅलेंडर पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी युद्धात गेलेल्यांचा स्मृतिदिन आहे. त्याच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता पाळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे.

त्या मिनिटाआधी ध्वनिक्षेपकावरून एकच नाव वाचलं जातं. अलेक्झांडर जेम्स कॉल्टार्ट, आमचा डावा विंगर, १९७२ साली बेलफास्टमध्ये ब्रिटिश लष्कराच्या गणवेशात मारला गेला. नाव मी वाचते. तो माझा भाऊ, सँडी.

१९८१ साली हाच योग आला होता. तुमच्या पाठीराख्यांनी शिट्ट्या मारल्या आणि पंचांनी बाराव्या सेकंदाला मिनिट संपवलं. मी मोजत होते. यंदा मला पूर्ण साठ सेकंद हवे आहेत. त्यासाठी तुम्हाला काय करता येईल ते कळवावं.

आमच्या कमिटीची वेगळी मागणी आहे की दोन्ही संघांनी शर्टावर पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचं लाल कागदी फूल, लावावं. चिटणीस म्हणून ती कळवणं माझं काम आहे, कळवली.

फोन करू नये. बोललेलं कमिटी नाकारते, लिहिलेलं नाकारता येत नाही.

आपली,
(मिस) नेटा कॉल्टार्ट
चिटणीस, बर्नशॉ थिसल


ड्रमलॉख
६ ऑक्टोबर

मिस कॉल्टार्ट,

तुमचं पत्र अडीच मैलांवरून निघालं, मदरवेलच्या मोठ्या पोस्टात जाऊन आलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात पडलं. मी चालत आले असते तर चहा गार व्हायच्या आत परत आले असते. पण तुम्ही लिहा म्हणता तर लिहिते. इथे मैदानावरच्या चहाच्या टपरीत बसून लिहितेय, डाग पडला तर समजून घ्या.

आधी सोपं सांगते. शर्टावर पॉपी म्हणाल तर आमचे अकराच्या अकरा उघड्या अंगाने खेळतील, नोव्हेंबरात, आणि न्यूमोनियाने मेले तरी वर जाऊन तुमच्याच नावाने ओरडतील. ते सोडा. आमच्यातले दोघे तर ईस्टरला आयर्लंडसाठी मेलेल्यांच्या आठवणीची कागदी लिली लावून सराव करतात. एवढंच काय, गोलकीपरच्या आईने पॉपीसारखा लाल स्कार्फ घेतला तर त्याने तो परत करायला लावला.

आता अवघड. १९८१ मला आठवतं. त्या उन्हाळ्यात तिकडे आयर्लंडात तुरुंगात उपोषण करून माणसं मेली होती आणि आम्हा आयरिश कॅथलिकांनी डोक्यात राख घालून घेतली होती. पण खरं सांगू? ते नाव कोणाचं ते आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं असेल कोणीतरी कर्नल. डावा विंगर होता हे कोणी सांगितलं असतं तर निदान मी तरी शिट्टीसाठी तोंडात बोटं घातली नसती. होय, मीही शिट्टी मारली होती. मला चांगली मारता येते.

आमच्या पाठीराख्यांचा म्होरक्या म्हणजे माझा नवरा, डॅन. त्याने तोंड उघडलं की चारशे माणसं उघडतात आणि त्याने मिटलं की मिटतात. म्हणजे मला एकाच माणसाला पटवायचंय, पण तो माणूस डॅन आहे. बघते. विचारते म्हणजे आधी पोटभर जेवायला घालते, मग विचारते.

जाता जाता: गेल्या खेपेला तुमच्या लोकांनी पाहुण्यांच्या गेटवर आम्हाला मटण भरलेल्या भाजक्या पाई गार विकल्या. धर्म कुठलाही असो, मटणाची पाई गरमच हवी.

युना मॅकगार्व्ही


बर्नशॉ
११ ऑक्टोबर

सौ. मॅकगार्व्ही,

पॉपीचा प्रश्न मिटला. कमिटीत चार हात वर, चार खाली, अशा वेळी चिटणीसाचं मत धरतात. मी सांगितलं की जे सक्तीने लावायला लागतं ते फूल नव्हे, बिल्ला. आमचे अध्यक्ष मिस्टर हॉवट त्यानंतर माझ्याशी हवामानाबद्दलसुद्धा बोललेले नाहीत.

पाहुण्यांच्या गेटवर पॉपीचा डबा घेऊन कोणी उभं राहणार नाही. पाई गरम असतील. आमच्या बासरीवाल्यांचा प्रोटेस्टंट बँड तुमची बस पोचायच्या आधी वाजवून संपवेल.

शिट्टी तुम्हीही मारली होती हे तुम्ही कबूल केलंत. तुम्ही ते लपवू शकला असता. मी ते पत्र कमिटीच्या फायलीत लावलेलं नाही.

आता साठ सेकंदांचं बोला.

नेटा कॉल्टार्ट


ड्रमलॉख
१७ ऑक्टोबर

मिस कॉल्टार्ट,

तुम्ही एवढं केलंत आणि मला लाज वाटतेय, कारण डॅन 'नाही' म्हणाला. जेवला, दोनदा वाढून घेतलं, आणि मग 'नाही' म्हणाला.

वर काय केलं माहितीये? मी कपाट उघडलं तर माझी डबल बेडची चांगली चादर गायब. लग्नात मावशीने दिलेली! ती मिळाली मागच्या अंगणात, दोरीवर, हिरव्या रंगात लिहिलेली: 'आमच्या मेलेल्यांचं फूल कुठाय?' अक्षर एवढं मोठं की प्रश्नचिन्ह उशीच्या खोळीवर गेलं. मी म्हटलं, तुझ्या मेलेल्यांचं फूल मला माहीत नाही, पण माझी चादर कुठाय ते सांग. तीन दिवस आमच्यात फक्त मीठ दे, पाणी दे एवढंच बोलणं.

पण त्याचंही ऐका. मी सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल की तो नुसताच आडमुठा आहे. आडमुठा आहेच. पण त्याचा धाकटा भाऊ इमन, बेलफास्टला एका बेकरीत भट्टीवर होता. १९७४ साली पहाटे कामावर चालला होता, खांद्यावर पिठाची पिशवी. चौकातल्या ब्रिटिश सैनिकांना पिशवीत दुसरंच काही दिसलं. सत्तावीस वर्षांचा होता. नंतर कोणी माफी मागितली नाही, चुकलं म्हणाले नाही, साधं पत्र नाही. डॅन ओळख पटवायला गेला तेव्हा इमनच्या केसांत अजून पीठ होतं. तेव्हापासून ते लाल फूल दिसलं की डॅनला पीठ दिसतं. मी त्याला काय समजावू?

आणि बघा ना, गेल्या आठवड्यात तिकडे दुसऱ्या बाजूनेही बंदुका खाली ठेवल्या. ज्यांनी एकमेकांना खरोखर मारलं ते गप्प बसले, आणि आपण इथे लॅनार्कशरात एका मिनिटावरून भांडतोय.

मी सोडलेलं नाही. पण वचन देत नाही.

युना


बर्नशॉ
२४ ऑक्टोबर

सौ. मॅकगार्व्ही,

तुमच्या दिरांबद्दल वाचलं. चार कागद फाडले. पोस्टाच्या काउंटरवर मी दिवसभर लोकांना पत्रं नीट लिहायला सांगते आणि मला चार ओळी जमल्या नाहीत. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हे तुमच्या यजमानांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आता मीही सांगते, म्हणजे आपण बरोबरीने बोलू. आई गेली तेव्हा सँडी दोन वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला मी वाढवलं. पहिला बूट मी बांधला, पहिला फुटबॉल मी घेतला. चेंडू मिळाला की वाऱ्यासारखा पळायचा आणि गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, मागे यायचं नाव नाही. तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवेल, १९६९ मध्ये त्याने तुमच्यावर दोन गोल केले होते. खाण बंद झाली, काम नव्हतं, जर्मनी बघायला मिळेल म्हणून लष्करात गेला. जर्मनी त्याने पाहिलीच नाही. बेलफास्टला तेवीस दिवस होता.

वडीलही गेले. घरात त्याच्याबद्दल बोलायला कोणी उरलं नाही. मी भिंतीशी बोलणाऱ्यांतली नाही. वर्षातून एकदा मी त्याचं नाव मोठ्याने घेते आणि मैदानभर माणसं टोप्या काढून ते ऐकतात. मला बाकी कशाचं काही नाही, राणीचं नाही, झेंड्याचं नाही, मिस्टर हॉवटच्या भाषणाचं तर नाहीच. तेवढं मिनिट माझं आहे. ते पुन्हा शिट्ट्यांत गेलं तर पुढच्या वर्षी नाव घ्यायला माझा आवाज फुटेल असं मला वाटत नाही.

चादर थंड पाण्यात रात्रभर भिजवा, मग साबणाऐवजी सोडा. रंग तेलाचा असेल तर काही उपयोग नाही.

नेटा कॉल्टार्ट


ड्रमलॉख
६ नोव्हेंबर

नेटाबाई,

आता 'मिस कॉल्टार्ट' पुरे झालं. मला युना म्हणा. मला रागवायचं असेल तर आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

आमच्याकडे नोव्हेंबर हा गेलेल्यांचा महिना. प्रत्येक घर एका कागदावर आपल्या मेलेल्यांची नावं लिहितं, पाकिटात घालतं आणि चर्चमध्ये देतं. पाकिटं महिनाभर वेदीवर राहतात आणि रोजच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. दुसऱ्या चर्चमध्ये पाकिटं उघडतही नाहीत, पण आमचे फादर कीनन पहिल्या शनिवारी संध्याकाळी सगळी नावं मोठ्याने वाचतात. पाऊण तास लागतो. प्रत्येक नावानंतर फादर म्हणतात, 'प्रभू, त्याला चिरविश्रांती दे', आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, 'आणि अखंड प्रकाश त्याच्यावर राहो'. शेवटी शेवटी माणसं पेंगलेली असतात, पण तोंडं चालू असतात.

तर आमच्या घराचा कागद मी लिहिते. आई, बाबा, सासू, सासरे, इमन. आणि यंदा इमनच्या खाली मी लिहिलं, अलेक्झांडर जेम्स कॉल्टार्ट.

काल वाचलं. फादर 'इमन मॅकगार्व्ही' म्हणाले, पुढे गेले, आणि अडखळले. चष्मा पुसला. मग वाचलं. अहो, काय सांगू! आमच्या चर्चमध्ये इतकं प्रोटेस्टंट नाव पायाभरणीपासून कोणी घेतलं नसेल. सगळ्या बाकांवर खोकल्याची साथ आली. पण फादर ओळ म्हणाले आणि सवयीने सगळ्यांनी पुढची म्हटली. डॅननेही म्हटली. मी शेजारीच होते, मी ऐकलं. तोंड मिटल्यावर त्याला कळलं की आपण काय म्हटलं.

घरी येऊन काय झालं ते लिहीत नाही. दार अजून बिजागरीवर आहे. पण त्याला मी एकच विचारलं, की देवापुढे ज्याच्यासाठी मागितलंस, त्याच्याच नावावर पुढच्या शनिवारी शिट्टी मारशील का? त्यावर तो अंगणात गेला आणि बराच वेळ चादरीकडे बघत बसला.

तुमचा सँडी आता आमच्यात आहे. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.

युना


बर्नशॉ
८ नोव्हेंबर

सौ. मॅकगार्व्ही,

मला बरं वाटलेलं नाही.

आमच्या चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की त्याचं काय ते देवाने ठरवलेलं असतं, मागून कोणी अर्ज करायचा नसतो. स्वर्गाच्या अलीकडे तुमचं ते जे थांबण्याचं ठिकाण आहे, ते आम्ही मानत नाही. माझ्या भावाला न विचारता, मला न विचारता, तुम्ही त्याला तिथे नेऊन बसवलंत. वडील असते तर त्यांनी तुमच्या फादरना दारात उभं करून जाब विचारला असता, आणि त्यांना बरोबर ठरवणारी मी पहिली असते.

मी तुमच्याकडे गप्प बसणं मागितलं होतं. प्रार्थना मागितली नव्हती. कृपया ते नाव काढून घ्या.

ने. कॉल्टार्ट


ड्रमलॉख
१० नोव्हेंबर

नेटाबाई,

चुकलं माझं. शपथेवर सांगते, तुमच्यात असं असतं हे मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं तुमच्या शेजारच्या गावात राहतेय आणि मला वाटायचं की तुम्ही लोक फक्त मेणबत्त्या कमी लावता, बाकी सगळं तेच. इतक्या वर्षांत एकदा विचारायला काय झालं होतं मला!

लगेच फादर कीननकडे गेले. ते म्हणाले, पाकीट एकदा वेदीवर ठेवलं की महिना संपेपर्यंत हलत नाही. हा पोपचा नियम नाही, त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून तर तो आणखीच मोडत नाही. तेव्हा नाइलाज आहे. तुमचा भाऊ तीस तारखेपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला आहे. इमनच्या शेजारीच आहे, इमन कोणाला त्रास देणारा नव्हता.

पण आता खरी बातमी. काल पाठीराख्यांची बैठक झाली. आत बायकांना घेत नाहीत, चहा मात्र लागतो, त्यामुळे मी किटली घेऊन दोन तास तिथेच होते. डॅन उभा राहिला आणि म्हणाला, 'त्या लष्करासाठी मी टोपी काढणार नाही. त्या फुलासाठी नाही, राणीसाठी तर नाहीच. पण जो माणूस आपल्या यादीत आहे त्याच्या नावाला शिट्टी मारणं हे पाप आहे, आणि ज्याला मारायची असेल त्याने आधी फादरना विचारून यावं.' अर्धा तास आरडाओरडा झाला. एक जण म्हणाला, ही युनाची कारस्थानं आहेत. डॅन म्हणाला, 'आहेतच, पण आता यादी लागलीये.' आपल्याच दोरीत पाय अडकला हो सगळ्यांचा!

ठरलं ते असं: चादर नेणार नाहीत. टोप्या डोक्यावरच राहतील. पण तोंडं बंद. साठच्या साठ सेकंद. माझ्या किटलीच्या झाकणाचा एक आवाजही होणार नाही. हे मी आता वचन म्हणून लिहितेय, फायलीत लावलंत तरी चालेल.

तुम्ही नाव वाचा. घाबरू नका.

युना


ड्रमलॉख
१३ नोव्हेंबर, रविवार

नेटाबाई,

हे पत्र तुम्ही न फोडता फेकलंत तरी मी समजू शकते. पण आम्ही शिट्टी मारली नाही. देवाशपथ नाही. मी गेटजवळ होते, मी सगळं पाहिलं.

तुमचा आवाज आला. 'अलेक्झांडर जेम्स कॉल्टार्ट.' इतकं शांत होतं की तुमचा श्वास ऐकू आला. आणि डॅनच्या तोंडून बाहेर पडलं, 'प्रभू, त्याला चिरविश्रांती दे.' त्याने ठरवलं नव्हतं हो! आदल्या शनिवारी चर्चमध्ये पाऊण तास तेच झालं होतं, नाव ऐकलं की तोंड आपोआप उघडतं. आणि डॅनचं उघडलं की चारशे उघडतात. सगळ्यांनी पुढची ओळ म्हटली, एका दमात, खालच्या आवाजात. आमच्या लोकांचा तसा आवाज मी मैदानावर कधी ऐकला नाही.

पण पलीकडे कोणाला काय कळणार? चारशे हिरवे एकसुरात काहीतरी म्हणतायत, म्हणजे घोषणाच. तुमच्या बाजूने आरडाओरडा उठला, बासरीवाल्यांनी बँड सुरू केला, कोणीतरी पाई फेकली (गरम होती, खरंच, माझ्या कोटावर पडली), आणि पंचांनी शिट्टी फुंकली. मी मोजत होते. अठरा सेकंद.

सामना एक-एक झाला, पण आमच्या बसमध्ये कोणी गाणं म्हटलं नाही. डॅन घरी येऊन बूट न काढता बसला. म्हणाला, 'युना, त्या बाईचं मिनिट मी खाल्लं. शिट्टी मारून एकदा, आणि न मारता पुन्हा एकदा.' बावन्न वर्षांच्या माणसाला रडताना बघायची मला सवय नाही. माझं वचन मोडलं. मला क्षमा करा, किंवा नका करू, पण आम्ही काय म्हणालो तेवढं तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं.

युना


बर्नशॉ
२१ नोव्हेंबर

युना,

उत्तराला आठ दिवस लागले. त्याचं कारण सांगते.

तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं होतं. त्या मैदानावर आमच्या बाजूला एकटीलाच कळलं, कारण तुम्ही ते मला आधी लिहिलं होतं. मी ध्वनिक्षेपकाच्या खोलीत उभी होते आणि काचेतून मला आमची माणसं दिसत होती, माझ्या शेजारपाजारची, माझ्याकडून तिकिटं घेणारी, आणि ती माझ्या सँडीच्या मिनिटात ओरडत होती. तेरा वर्षं मी तुमच्या लोकांना दोष दिला. यंदा तुमचे लोक बोलले आणि आमच्यांनी आरडाओरडा केला.

लीगने दोन्ही चिटणिसांकडून अहवाल मागवला, तुमच्याकडेही पत्र आलं असेल. मिस्टर हॉवटनी मला मजकूर लिहून दिला होता: पाहुण्यांनी धर्मद्वेषी घोषणा दिल्या. मी तो बाजूला ठेवला आणि लिहिलं की पाहुण्यांनी मृतासाठी प्रार्थना म्हटली, गोंगाट यजमान पाठीराख्यांनी केला, वस्तू यजमानांकडून फेकली गेली. सही केली आणि माझ्याच काउंटरवरून रजिस्टर्ड पाठवलं.

गुरुवारी कमिटी बसली. पुढच्या वर्षीपासून ध्वनिक्षेपकावर मिस्टर हॉवट बोलतील. 'सर्व युद्धांत गेलेले सर्व जण' असं म्हणतील, वेगळं नाव घेणार नाहीत. वाद नको म्हणून, असं ते म्हणाले. चिटणीसपदही डिसेंबरपर्यंतच. एकोणीस वर्षं केलं. माझं काही बिघडत नाही, मला शनिवारी थंडी सोसत नाही. पण सँडीचं नाव आता बर्नशॉत कोणी घेणार नाही.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे आपल्या शिकवणीत बसत नाही. मी म्हटलं, मी विचारलं नव्हतं, सांगितलं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, स्मृतिदिनाला, गावातल्या स्मारकापाशी दोन मिनिटं उभी होते. तिथे मनातल्या मनात दोन नावं घेतली, आमचा एक आणि तुमचा एक. ती प्रार्थना नव्हती याची कृपया नोंद घ्यावी. नुसती नावं होती.

तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. बावीस वर्षं मी ते नाव वाचतेय आणि १९८१ सोडलं तर नंतर नेहमी शांतता असते. लोक टोप्या काढतात, बुटांकडे बघतात, कोणी घड्याळ बघतं. मी तेवढंच मागत आले, कारण त्याहून जास्त काही मागता येतं हे मला माहीत नव्हतं. १२ तारखेला पहिल्यांदा मी सँडीचं नाव घेतलं आणि त्याला कोणीतरी उत्तर दिलं. चारशे पुरुषांनी दिलं. ते काय म्हणाले त्यावर माझा विश्वास नाही, युना, आणि बसायचाही नाही. पण त्यांनी माझं मिनिट खाल्लं नाही. त्या अठरा सेकंदांतले पहिले पाच-सहा मला या बावीस वर्षांत मिळालेल्या सगळ्या मिनिटांपेक्षा मोठे वाटले. डॅनना सांगा, त्यांनी बूट काढावेत आणि जेवावं.

पाकीट काढायचा आग्रह मी सोडला आहे. तीस तारखेपर्यंत राहू द्या.

आणि एक विचारायचं होतं. पुढच्या वर्षीची नावं कुठल्या तारखेपर्यंत द्यायची असतात?

नेटा